डाखकाम, ध्वनिकेबलींचे

मायक्रोफोन, ध्वनिवर्धक, ध्वनिमुद्रण यंत्र, विद्युत् गिटार, ध्वनिक्षेपक इ. साधने एकमेकांना जोडणाऱ्या लवचिक केबलींच्या तारा प्लगांच्या अग्रांना सहज वितळणाऱ्या मिश्रधातूने जोडण्याची क्रिया. या मिश्रधातूस डाख म्हणतात. बाजारात व कारखान्यांत सोल्डर हाच शब्द रूढ आहे. डाखकामात जोडावयाच्या धातू वितळत नाहीत, केवळ डाख वितळतो, हा त्याचा व वितळजोडकामाचा मुख्य भेद होय. डाखाचा वितळबिंदू ४५०° से. पेक्षा कमी असल्यास त्या क्रियेस मृदू डाखकाम व अधिक असल्यास झाळकाम म्हणतात. केबलींचे काम पहिल्या प्रकारात मोडते.

इलेक्ट्रॉनिकीची हौस असणारा नवशिका पुष्कळदा याच कामापासून आरंभ करतो. केबल व प्लग स्वस्त असतात, जोड दोन किंवा तीनच करावयाचे असतात आणि जोड साधला की नाही, हे कानाने तत्काळ कळते. काम वरवर सोपे असले, तरी त्यात होणाऱ्या चुका जवळजवळ ठरलेल्या आहेत : धातू मळकट राहणे, उष्णता कमी पडणे, उष्णता अधिक होऊन निरोधक आवरण वितळणे, डाख थिजण्यापूर्वी तार हलणे आणि अयोग्य अभिवाह (धातूवरील ऑक्साइड काढून टाकणारा पदार्थ) वापरणे. यांतील प्रत्येक चूक पूर्वी कोणत्या ना कोणत्या धंद्याला महागात पडलेली आहे व तिच्यावरील उपायही त्या धंद्याने शोधलेला आहे. नवशिक्याला आज जे चार-सहा नियम सांगितले जातात, ते नळकारागीर, कल्हईवाले, तारायंत्राचे जोडारी व दूरध्वनी कामगार यांच्या अनुभवातून आलेले आहेत.

इतिहास : मेसोपोटेमियातील अर येथील राजथडग्यांत सापडलेल्या इ. स. पू. सु. २५०० च्या सोन्याच्या वस्तूंत झाळून केलेले जोड आढळतात. शिसे व कथिल यांच्या मृदू डाखाचा व्यापक वापर मात्र रोमन लोकांनी केला व तो पाण्याच्या शिशाच्या नळांसाठी. थोरला प्लिनी याने इ. स. ७७ च्या सुमारास पूर्ण केलेल्या आपल्या निसर्गेतिहास या ग्रंथात दोन भाग शिसे व एक भाग कथिल यांच्या मिश्रणाचा उल्लेख करून ते नळ जोडण्यास वापरतात, असे नमूद केले आहे. हेच प्रमाण यूरोपातील नळकारागिरांनी विसाव्या शतकापर्यंत टिकवून धरले. त्यामागील कारण त्यांना हाताने समजले होते. विज्ञानाने ते पुष्कळ नंतर स्पष्ट केले.

शुद्ध शिसे ३२७° से. ला व शुद्ध कथिल २३२° से. ला वितळते, परंतु त्यांचे मिश्रण दोहोंपेक्षाही कमी तापमानाला, १८३° से. ला, वितळू लागते. कथिलाचे प्रमाण सु. ६२ टक्के असताना हे मिश्रण या एकाच तापमानाला पूर्णपणे वितळते व त्याच तापमानाला एकदम थिजते. अशा मिश्रणाला यूटेक्टिक मिश्रण असे नाव फ्रेडरिक गथ्री या ब्रिटिश भौतिकीविज्ञांनी १८८४ मध्ये दिले. अन्य प्रमाणांत मात्र मिश्रण काही तापमानाच्या टप्प्यात अर्धे घन व अर्धे द्रव, म्हणजे लोण्यासारखे मऊ, राहते. नळकारागिरांच्या डाखात हा टप्पा १८३° ते सु. २५०° से. एवढा मोठा असतो. त्यामुळे डाख नळाभोवती ओतून, चरबी लावलेल्या जाड कापडाने पुसत पुसत त्याला हवा तो आकार देण्यास कारागिराला सवड मिळे. विद्युत् जोडाला याच्या नेमके उलट हवे असते. लोण्यासारख्या अवस्थेत तार किंचित जरी हलली, तरी डाखाच्या स्फटिकांमध्ये सूक्ष्म भेगा राहतात व जोड बिघडतो. म्हणून विद्युत् कामासाठी कथिल ६० व शिसे ४० किंवा ६३ व ३७ टक्के असलेला डाख वापरात आला. जुन्या शिशाच्या आवरणाच्या दूरध्वनी केबलींवर काम करणारा जोडारी मात्र एकाच खड्ड्यात बसून बाहेरचे आवरण रोमन नळकारागिराच्या रीतीने पुसून जोडी, हे या दोन परंपरांच्या भेटीचे एक मनोरंजक उदाहरण होय.

अभिवाहाच्या बाबतीत महाराष्ट्रातील वाचकाला कल्हईवाल्याचे उदाहरण परिचयाचे आहे. तांब्या-पितळेचे भांडे भट्टीवर तापवून त्यात तो नवसागराची पूड टाकतो. पांढरा धूर निघतो आणि लगेच कथिल लावून कापसाच्या बोळ्याने फिरविले, की ते भांडेभर चकचकीत पसरते. नवसागर धातूवरील ऑक्साइड काढून टाकतो व उघड्या पडलेल्या धातूला कथिल ओले करते. भांडे अस्वच्छ किंवा थंड असल्यास कथिलाचे मणी होऊन ते गडगडतात. नवशिक्याच्या प्लगावर डाखाचा गोल मणी बसतो, तेव्हा घडते ते हेच. दोन्ही कामांत एक महत्त्वाचा फरक आहे : कल्हई झाल्यावर भांडे पाण्याने धुता येते, केबलीच्या आतील जोड धुता येत नाही. नवसागर किंवा जस्ताचे तुकडे विरघळवून तयार केलेले तेजाब यांचे अवशेष हवेतील ओलावा शोषून घेतात व बारीक तार महिनोन्महिने खात राहतात. पत्र्याच्या डब्याला चालणारा हा अभिवाह तारेला घातक ठरतो, हा धडा तारायंत्राच्या काळात मिळाला.

भारतात विल्यम ओशॉनेसी यांनी कलकत्त्याजवळ १८३९ मध्ये तारायंत्राचे प्रयोग केले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर हा मार्ग सुरू झाला आणि १८५४ पर्यंत मुंबईसह प्रमुख शहरे तारेने जोडली गेली. या मार्गांवर मैलोगणती तारेत असंख्य जोड असत. दोन तारा शेजारी ठेवून त्यांवर बारीक तार गच्च गुंडाळावयाची व मग त्यावर डाख चढवावयाचा, ही ब्रिटानिया जोडाची रीत होती. जोडाला बळ गुंडाळण्याने येते व डाख केवळ गंज रोखून विद्युत् मार्ग अखंड ठेवतो, हे तत्त्व त्यात होते. प्रथम तार अडकवा व मग डाख द्या, हा नवशिक्याला मिळणारा पहिला सल्ला त्यातूनच आला आहे. याच सुमारास विद्युत् कामात तेजाबाऐवजी राळेचा वापर सार्वत्रिक झाला. चीड वृक्षाच्या डिंकातून टर्पेंटाइन ऊर्ध्वपातनाने काढून घेतल्यावर मागे उरणारी ही राळ तापल्यावर सौम्य अम्लासारखी कार्य करते व थंड झाल्यावर पुन्हा निष्क्रिय, निरोधक व ओलावा न शोषणारी बनते. ध्वनिकेबलीसाठी याहून सोयीचा गुण नाही.

उष्णतेचा धडा समुद्रातील केबलींनी दिला. त्यांतील तांब्याच्या तारेवर गटापर्चाचे आवरण असे व ते गरम पाण्यातही मऊ पडे. तांबे जोडण्याइतके तापवावयाचे, पण शेजारचे आवरण बिघडू द्यावयाचे नाही, ही कसरत करणारे जोडारी हा स्वतंत्र, मानाचा वर्ग होता. ते जोडावर गटापर्चाचे नवे थर चढवीत व जोड पाण्यात बुडवून त्याची निरोधकता मोजून पाहत. ग्रेट ईस्टर्न या प्रचंड जहाजाने १८७० मध्ये मुंबई ते एडन अशी केबल टाकली व मुंबई इंग्लंडशी समुद्रमार्गे जोडली गेली. आजच्या ध्वनिकेबलीत गटापर्चाची जागा पॉलिएथिलिनाने घेतली आहे. तेही सु. ११०° से. ला मऊ होते, डाख मात्र १८३° से. ला वितळतो, म्हणजे अडचण तीच राहिली आहे.

ध्वनिकेबलीचा प्लग ही दूरध्वनीची देणगी होय. अमेरिकेत न्यू हेवन येथे १८७८ मध्ये पहिले व्यापारी दूरध्वनी विनिमय केंद्र सुरू झाले. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे ते १८८२ मध्ये आले. स्विचफलकावर बसलेला चालक दोरीसारख्या केबलीच्या टोकाचा प्लग भोकात खुपसून दोन ग्राहकांना जोडून देई. शिकागोच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील चार्ल्स स्क्रिब्नर यांच्या या प्रयुक्तीतील स्प्रिंगेच्या भागाचे मिटणाऱ्या चाकूशी साम्य होते. त्यावरून जॅक हे नाव पडले. पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी. व्यासाचा तो प्लग गिटार व ध्वनिवर्धक यांवर आजही जवळजवळ त्याच रूपात दिसतो. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारांची समतोल जोडी हीही दूरध्वनीचीच पद्धत. बाहेरून येणारा विद्युत् गोंगाट दोन्ही तारांत सारखाच शिरतो व वजाबाकीने नाहीसा होतो. पुढे रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीने ग्रामोफोन व रेडिओ जोडण्यासाठी एकेरी तारेचा छोटा प्लग काढला, तर लॉस अँजेल्सच्या कॅनन इलेक्ट्रिक कंपनीच्या जोडणीपासून एक्सएलआर या नावाची तीन खुंट्यांची, खटका असलेली जोडणी १९५० नंतर प्रचारात आली. तिच्यातील दुसरी खुंटी धन मानावी की तिसरी, याविषयी निर्मात्यांमध्ये अनेक वर्षे मतभेद होते. ऑडिओ एंजिनिअरिंग सोसायटीच्या १९९२ च्या मानकाने पहिली खुंटी जाळीला, दुसरी धन व तिसरी ऋण असे ठरविले. जुन्या यंत्रांची केबल दुरुस्त करताना हा इतिहास ठाऊक असणे केवळ पांडित्य नव्हे. खुंट्या उलट जोडल्यास दोन मायक्रोफोनांचे आवाज एकमेकांना मारतात.

साधनांतील बदल : पूर्वी तांब्याच्या टोकाची जड कांब कोळशात किंवा स्टोव्हवर तापवीत. तापमान कळण्यास अनुभवाखेरीज साधन नव्हते आणि उमेदवाराची पहिली काही वर्षे कांब तापविण्यात व तिचे टोक स्वच्छ करण्यातच जात. जर्मनीत एर्न्स्ट झाक्स यांनी १९२१ मध्ये काढलेल्या विद्युत् कांबीचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन झाले. अमेरिकेत कार्ल वेलर यांना झटपट तापणाऱ्या सोल्डरगनचे एकस्व १९४६ मध्ये मिळाले. लोहचुंबकीय धातू विशिष्ट तापमानाला चुंबकत्व गमावते, या गुणाचा उपयोग करून टोकाचे तापमान आपोआप स्थिर राखणारी कांबही पुढे याच कंपनीने आणली. परंतु नवशिक्याच्या दृष्टीने याहून मोठी सोय पोटात राळ भरलेल्या डाखतारेने झाली. शिकागोतील केस्टर व ब्रिटनमधील मल्टिकोअर यांच्या अशा तारा प्रसिद्ध झाल्या. डाख व अभिवाह एकाच वेळी, योग्य प्रमाणात, योग्य जागी पोहोचू लागले आणि या कामातील निम्मे गुपित तारेच्या पोटात बंद झाले.

शिक्षणाची पद्धतही त्यामुळे पालटली. जे ज्ञान उस्तादाजवळ बसून मिळे, ते छापील कागदावरून देता येऊ लागले. ब्रिटनच्या वायरलेस वर्ल्ड मासिकात १९४७ मध्ये डी. टी. एन. विल्यम्सन यांचा ध्वनिवर्धक प्रसिद्ध झाला व अनेक देशांतील हौशी लोकांनी तो घरी बांधला. त्याच वर्षी अमेरिकेच्या हीथ कंपनीने सुट्या भागांच्या संचाची विक्री सुरू केली. तिच्या पुस्तिकांत चांगल्या व वाईट जोडांची चित्रे असत आणि प्रत्येक कृती पुरी झाली, की तिच्यापुढे खूण करावयाची असे. ज्यांनी पूर्वी कधी कांब हातात धरली नव्हती, अशा लोकांनी त्यावरून चालणारी यंत्रे उभी केली. हे संच १९९२ मध्ये बंद झाले. तथापि शिकविण्याची ती धाटणी टिकून आहे.

भारतात सुट्या भागांचे संच दुर्मिळ होते व शिक्षण मुख्यतः दुकानांत झाले. मुंबईत १९२७ मध्ये नभोवाणी केंद्र सुरू झाले, १९३१ मध्ये बोलपट आला आणि शिकागो रेडिओ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटवाने यांच्या कंपनीने काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरविले. सभा, लग्ने व गणेशोत्सव यांमुळे गावोगावी स्पीकरवाल्यांचा धंदा उभा राहिला. पायदळी तुडविल्या जाणाऱ्या मायक्रोफोनच्या केबली त्यांना वारंवार दुरुस्त कराव्या लागत आणि दुकानातील पोऱ्या प्रथम शिके ते हेच काम. मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता व पुण्यातील बुधवार पेठेचा पासोड्या विठोबाचा परिसर येथे याचे साहित्य मिळत आले आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत रेडिओ व दूरचित्रवाणी यांत्रिकाच्या अभ्यासक्रमामुळे या शिक्षणाला रीतसर स्वरूप आले, पण दुकानातील सरावाची जागा त्याने पूर्णपणे घेतली असे म्हणता येत नाही.

कृती : प्लगाचे बाहेरचे टोपण व निरोधक नळी प्रथम केबलीवर चढवून घेतात. हे विसरून जोड पुरा करणे व मग तो पुन्हा उकलणे, हा अनुभव न घेतलेला कारागीर विरळाच. बाहेरचे आवरण सोलताना आतील जाळीचे तंतू कापले जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी लागते. जाळी पिळून तिची एक तार करतात; तिचा एखादा सुटा केस जरी मधल्या तारेला टेकला, तरी आवाज बंद पडतो. तारेचे टोक व प्लगावरील वाटीसारखी जागा या दोहोंवर आधी स्वतंत्रपणे डाखाचा पातळ थर देतात. यामुळे अंतिम जोडाला लागणारा वेळ दोन-तीन सेकंदांवर येतो व आवरण वाचते. साध्या केबलीस २५ ते ३५ वॉटची कांब पुरते. तापमान राखणाऱ्या कांबीचे टोक ३२०° ते ३७०° से. वर ठेवतात. कमी तापलेली कांब सुरक्षित, हा समज चुकीचा आहे : जोड तापण्यास वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात उष्णता तारेतून आत जाऊन आवरण वितळविते. डाख कांबीवर वितळवून तारेवर नेल्यास वाटेतच राळ जळून जाते. म्हणून कांबीने जोड तापवावा व डाख जोडाला लावावा. कांब काढल्यावर डाख थिजेपर्यंत तार अजिबात हलू देत नाहीत.

चांगल्या जोडात डाख तारेच्या कडेपर्यंत चढत जाऊन पातळ होतो व तारेचा आकार त्याखालून दिसतो. तांबे व कथिल यांच्या संयुगाचा अत्यंत पातळ थर सीमेवर तयार होतो आणि जोड खरा त्यानेच होतो. फार वेळ तापविल्यास हा ठिसूळ थर जाड होतो. थंड राहिलेला जोड नुसता चिकटलेला असतो. मायक्रोफोनचा विद्युत् दाब सु. १ मिलिव्होल्ट इतका अल्प असल्याने असा जोड केबल हलताच खरखरतो आणि जाळीचा जोड तुटल्यास वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्‌झची घरघर ऐकू येते. विशिष्ट डाखाने, विशेषतः चांदीयुक्त डाखाने, आवाज सुधारतो, असे विक्रेते सांगतात. त्यात फारसे तथ्य नाही. कथिल-शिशाच्या डाखाची संवाहकता तांब्याच्या सु. एक-नवमांशच असली, तरी जोडातील मार्ग इतका आखूड असतो, की त्याचा रोध केबलीच्या रोधापुढे नगण्य ठरतो.

शिसे व धूर : शिसे विषारी असून मुलांना त्याचा धोका अधिक असतो. डाखकामाच्या तापमानाला शिशाची वाफ मात्र जवळजवळ होत नाही. त्याचा उत्कलनबिंदू १,७००° से. हून अधिक आहे. ते पोटात जाते हाताला लागलेल्या कणांवाटे, म्हणून काम संपताच हात साबणाने धुणे व कामाच्या टेबलावर न खाणे, हे आवश्यक ठरते. दिसणारा धूर राळेचा असतो व त्याचे स्वतंत्र दुष्परिणाम आहेत. इलेक्ट्रॉनिकी कारखान्यांतील कामगारांना या धुरामुळे दमा जडल्याचे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले. खिडकी उघडी ठेवणे व धूर तोंडावर येणार नाही असा लहान पंखा लावणे, एवढी दक्षता घरीही घेता येते.

शिशाचे कण टाकाऊ यंत्रांतून जमिनीत व पाण्यात जातात, या कारणाने यूरोपीय संघाने नव्या विद्युत् व इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिशावर १ जुलै २००६ पासून ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. भारतात अशीच मर्यादा ई-कचऱ्याविषयीच्या २०११ च्या नियमांत आली व ते १ मे २०१२ पासून लागू झाले. शिसेविरहित डाखांपैकी कथिल ९६.५, चांदी ३ व तांबे ०.५ टक्का असलेला डाख सु. २१७° ते २२०° से. ला व कथिल-तांब्याचा डाख २२७° से. ला वितळतो. आवरण मात्र पूर्वीइतक्याच तापमानाला मऊ होत असल्याने चुकीला राहिलेली जागा आणखी अरुंद झाली आहे. शिकविण्याची एक जुनी खूणही यामुळे निरुपयोगी ठरली. चकचकीत जोड चांगला व निस्तेज जोड वाईट, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाई. शिसेविरहित डाखाचा निर्दोष जोडही निस्तेज व काहीसा खरखरीत दिसतो. त्यामुळे आता चमक न पाहता डाख तारेवर किती पसरला आहे, त्याची कड कशी आहे, हे पाहण्यास शिकवावे लागते. दुरुस्तीच्या व हौसेच्या कामासाठी शिसेयुक्त डाख अद्याप विकला जातो. एकाच दुकानात दोन्ही प्रकार असताना रिळावरील चिठ्ठी वाचून घेणे इष्ट असते.

घरगुती वापराच्या बहुतेक केबली आता टोकाशी साच्यात ओतलेल्या प्लगांसह येतात. त्या बिघडल्यास उकलता येत नाहीत व फेकून दिल्या जातात. रंगमंच, ध्वनिमुद्रणगृहे व नभोवाणी केंद्रे येथे मात्र उघडता येणारे प्लग व हाताने दिलेला डाख यांचाच वापर प्रामुख्याने चालू आहे. तेथे केबल प्रयोगाच्या मध्यंतरातही दुरुस्त करावी लागते.

[⟶ कथिल, झाळकाम, तारायंत्रविद्या, दूरध्वनिविद्या, मायक्रोफोन, शिसे].